वितळतारेची कुळकथा



इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड उभे राहतात, लढाया उभ्या राहतात, निदान एखादा मोडलेला तह तरी. ती अपेक्षा गैर आहे असे मी म्हणणार नाही. तथापि आज मी ज्याची कुळकथा सांगावयास उभा आहे तो असामी उंचीने दोन बोटेही भरत नाही, त्याच्यावर कोणी पोवाडा रचलेला नाही, आणि वेळ आली असता निमूटपणे मरणे एवढेच त्याचे कर्तृत्व आहे. त्याला आपण फ्यूज म्हणतो. आपल्या परिभाषाकारांनी त्याला ‘वितळतार’ असे नाव दिले. ते फारसे रूढ झाले नाही, पण मला ते आवडते, कारण त्या एका शब्दात बिचाऱ्याचे सारे चरित्र आले आहे.

फ्यूज पुष्कळ ठिकाणी असतात. मला बोलावयाचे आहे ते टेलिफोन एक्स्चेंजमधल्या फ्यूजांबद्दल. तेथे माणसाहून उंच अशा लोखंडी मांडण्या असतात. त्या धंद्यात त्यांना रॅक म्हणतात. त्या मांडणीच्या माथ्याशी एक आडवी पट्टी बसविलेली असते आणि तिच्यावर, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर वाट्या लावाव्यात तसे, दहा-वीस फ्यूज ओळीने बसविलेले असतात. कोणता फ्यूज कोठे बसवावा, तो किती प्रवाहाचा असावा, कोणाच्या आधी कोणी जळावे आणि कोणाबरोबर कोणी जळू नये, हे ठरविण्याचे एक शास्त्र आहे. ते कोणा एका पंडिताने बैठक मारून लिहिलेले नाही. वीज पडून, आगी लागून, गावेच्या गावे मुकी होऊन ते सुमारे दीडशे वर्षांत माणसाच्या अंगवळणी पडले. म्हणूनच हा विषय इतिहासाच्या व्यासपीठावर आणण्याचे धाडस मी करीत आहे.

आरंभी घरचाच एक दाखला देतो. माझे बालपण चाळीत गेले. जिन्याखाली मीटरांची फळी होती आणि तिच्यावर चिनी मातीचे पांढरे कटाऊट होते. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. स्वभावाने परोपकारी, पण धीर कमी. दिवे गेले की तेच मेणबत्ती घेऊन खाली जात आणि तार बांधून येत. पुढे कोणाकडे इस्त्री आली, कोणाकडे विजेची शेगडी आली, आणि तार आठवड्यातून दोनदा जळू लागली. गृहस्थ कंटाळले. त्यांनी एके दिवशी तीनपदरी तार बांधली आणि “आता जळते कशी ते पाहतो” असे सर्वांना बजावून ते वर आले. त्यांचा शब्द खरा ठरला. तार जळली नाही. चौथ्या रात्री जिन्यातल्या भिंतीवरची, वायर झाकणारी लाकडी पट्टी आतून धुमसू लागली. कोणाला इजा झाली नाही, परंतु सारी चाळ रात्रभर पटांगणात बसून होती. विजेच्या वाटेवर भलता भार आला म्हणजे काहीतरी जळणारच. काय जळावे हे आपण आधी ठरविले आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

हा प्रश्न जगात प्रथम विचारला गेला तो दिव्यांसाठी नव्हे, तारायंत्रासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात युरोपातल्या रेल्वेच्या कडेकडेने तारायंत्राच्या तारा धावू लागल्या. उघड्या माळावर मैलोगणती ताणलेली धातूची तार म्हणजे आकाशातल्या विजेला अक्षत देण्यासारखेच होते. वीज तारेवर उतरे आणि तारेच्या टोकाशी असलेल्या नाजूक यंत्राची वेटोळी जाळून टाकी. पॅरिसचे लुई ब्रेगे हे प्रसिद्ध घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांचे नातू. घराण्यातच बारीक कामाची नजर. त्यांनी १८४७ मध्ये असे सुचविले की यंत्राच्या अलीकडे तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा. वीज आली तर तो तुकडा वितळेल, वाट तुटेल आणि यंत्र वाचेल. आता पाहा, साखळीतली एक कडी जाणूनबुजून कच्ची ठेवावयाची, ही गोष्ट कारागिराच्या स्वभावाला किती विरुद्ध आहे! लोहाराची काय, सुताराची काय, सारी अब्रू पक्केपणावर उभी असते. ब्रेगे यांनी कच्चेपणालाच कामाला लावले. तात्पर्य, फ्यूज हा टेलिफोनच्या घरी आलेला पाहुणा नव्हे. त्याचा जन्मच मुळी संदेशवहनाच्या घरातला, दिव्यांच्याही आधीचा.

दिवे पुढे आले. एडिसनने अशा सुरक्षा-तारेचे पेटंट १८८० मध्ये घेतले आणि १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवरचे त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. पण किती जाडीची तार किती प्रवाहाला वितळेल याचा हिशेब हवा होता. तो मांडला विल्यम प्रीस यांनी, आणि हे गृहस्थ ब्रिटिश पोस्ट खात्यातले, म्हणजे पुन्हा तारेच्याच घरातले. १८८४ पासून पुढे काही वर्षे त्यांनी आपले प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यांच्या नियमाप्रमाणे एक मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार सुमारे ८० अँपिअर प्रवाहाला वितळते. व्यास पाव मिलिमीटर केला तर मात्र ८० चे पाव, म्हणजे २० नव्हे, तर एक-अष्टमांश, म्हणजे सुमारे १० अँपिअरच पुरतात. उलट, व्यास दुप्पट केला की वितळण्याचा प्रवाह पावणेतीनपटीच्याही वर जातो. (प्रीस यांचे नाव आज निघते ते बहुधा ऑलिव्हर हेविसाइड या प्रतिभावंताशी त्यांनी केलेल्या हाडवैरासाठी. माणसाच्या हातून एक अन्याय झाला की त्याचे दहा उपयोगी उद्योग लोक विसरतात, असो.)

टेलिफोनचे पेटंट १८७६ चे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंतव्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ मध्ये. म्हणजे आपली व्याख्याने टेलिफोनहून एका वर्षाने वडील, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८१-८२ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीने मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि अहमदाबाद येथे एक्स्चेंजे उघडली. त्या काळी ज्याच्या घरी टेलिफोन त्याच्याच घरी त्याचे विद्युत्‌घट असत. घट सुकले की कंपनीच्या माणसाने जाऊन ते बदलावयाचे. हजार वर्गणीदार म्हणजे हजार घरांच्या पायऱ्या. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी अमेरिकेत १८९० नंतर ‘सामायिक बॅटरी’ची योजना निघाली; मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावी १८९३ मध्ये तसे एक्स्चेंज उभे राहिले. घरोघरचे आड बुजवून गावाला एकच तलाव बांधावा तसा हा प्रकार. एक्स्चेंजच्या तळघरात शिशाच्या मोठमोठ्या घटांची बॅटरी, आणि तिचा प्रवाह तारेवाटे प्रत्येकाच्या घरी. पुढे घरचे दिवे गेले तरी टेलिफोन चालू राही, याचा अनुभव आपणांपैकी वडीलधाऱ्यांना आहे. त्याचे कारण ही बॅटरी.

तलाव झाला म्हणजे पाट आले, चाऱ्या आल्या आणि बांध फुटण्याची भीतीही आली. घरच्या घटांची तारा एकमेकींना चिकटल्या तर फार तर घट मरावयाचे. एक्स्चेंजच्या बॅटरीची गोष्ट वेगळी. तिचा दाब अवघा ४८ व्होल्ट. हात लागला तरी सहसा धक्का जाणवत नाही, आणि म्हणून नवशिक्यांना ती गरीब वाटते. पण ओहमचा नियम गरीब-श्रीमंत ओळखत नाही. जाड तांब्याच्या दोन पट्ट्यांवर कोणाचा पाना आडवा पडला आणि त्या वाटेचा एकूण रोध एक-शतांश ओहम असला, तर प्रवाह ४८०० अँपिअर होतो. पाना तेथल्या तेथे वितळून ठिणग्या उडतात. जुने तंत्रज्ञ बोटातली अंगठी काढून ठेवल्यावाचून बॅटरीच्या खोलीत पाऊल टाकीत नसत.

हे ४८ व्होल्ट येतात ते असे. शिशाच्या एका घटाचे २ व्होल्ट, असे २४ घट. त्यांतही एक चमत्कारिक रीत आहे: बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात आणि ऋण टोक तारेवर घेतात. म्हणून त्या धंद्यात ‘उणे ४८’ असे म्हणतात. ओलसर मातीतून प्रवाह झिरपतो तेव्हा ज्या धातूतून तो बाहेर पडतो तो धातू हळूहळू झिजतो. तार ऋण ठेवली की झिरपणारा प्रवाह तारेतून बाहेर न पडता तिच्यात शिरतो आणि पुरलेले तांबे वाचते. सव्वाशे वर्षे उलटली, यंत्रे चारदा बदलली, तरी ही रीत राहिली. आज तुमच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा असेल तर त्याच्या कपाटातही उणे ४८ व्होल्टच नांदत असण्याचा संभव फार.

आता पाटाकडे वळू. बॅटरीपासून मनगटाएवढ्या तारा निघतात आणि मोठ्या फ्यूजांच्या एका कपाटात येतात. तेथून बोटाएवढ्या तारा रॅकांच्या रांगांकडे जातात. प्रत्येक रॅकच्या माथ्याशी फ्यूजचे पॅनेल असते आणि तेथून दोऱ्याएवढ्या तारा एकेका यंत्राच्या खणात उतरतात. या रॅकलाही इतिहास आहे. १९२२ च्या सुमारास अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने १९ इंच रुंदीचे माप ठरविले आणि उंचीचे एक घर पावणेदोन इंचांचे. तेच माप पुढे रेडिओवाल्यांनी आणि संगणकवाल्यांनीही उचलले. या व्यवस्थेत पहिला दंडक असा की खालचा फ्यूज नेहमी वरच्याच्या आधी जळला पाहिजे. एका वाफ्याचा बांध फुटला म्हणून पाटाचेच दार बंद केले तर बाकीची शेते वाळतात. खणाचा फ्यूज १० अँपिअरचा आणि पॅनेलच्या तोंडाशी असलेला १५ अँपिअरचा, असे कोणी बसविले, तर एका खणातल्या बिघाडाने दोन्ही एकदम जातील, आणि त्या पॅनेलवरचे बाकीचे निरपराध खण नाहक अंधारात बसतील. वरचा फ्यूज पुरेसा मोठा असावा आणि रागाला जरा सावकाश यावा.

फ्यूजचा एक उणेपणा मात्र टेलिफोनवाल्यांच्या लवकर ध्यानात आला. शहरांत ट्रामच्या आणि दिव्यांच्या तारा वाढल्या, त्या कधी टेलिफोनच्या तारेला लागत, आणि तिच्यातून एक बारीकसा प्रवाह एक्स्चेंजमध्ये शिरे. तो इतका लहान असे की फ्यूज त्याची दखलच घेत नसे, आणि इतका वेळ टिके की वेटोळी भाजून निघत. इंग्रज अभियंते त्याला चोरटा प्रवाह म्हणत. त्याच्यासाठी निराळी युक्ती काढावी लागली: छोट्याशा वेटोळ्यात डाखाचा एक थेंब, तो सावकाश तापून मऊ व्हावयाचा आणि स्प्रिंग सुटून तार जमिनीला जोडली जावयाची. फ्यूज दांडग्याला पकडतो, भुरट्याला नाही, हे लक्षात ठेवा. पुढे आपणांस याचे काम पडणार आहे.

यानंतरची युक्ती माझ्या विशेष आवडीची आहे. चाळीतला फ्यूज जळला की दिवे जातात आणि ते आंधळ्यालाही कळते. एक्स्चेंजमध्ये हजारो फ्यूज. त्यांतला एक जळला तर कळावे कसे? कोठेतरी पाचपन्नास लोकांचे टेलिफोन मुके होतील. ते तक्रार करणार कशाने? तेव्हा मरणाऱ्यानेच आपल्या मरणाची वर्दी द्यावी अशी रचना झाली. अमेरिकन एक्स्चेंजांतल्या या फ्यूजला तेथले लोक नाकतोडा म्हणत. त्यात दोन लवचीक पट्ट्या वाकवून वितळतारेनेच ताणून धरलेल्या असतात. तार वितळली की एक पट्टी टपकन वर उडते आणि तिच्या टोकाचा रंगीत मणी दिसू लागतो. दुसरी मागे सरून एका सामायिक दांडीला टेकते. त्या दांडीला टेकताच पॅनेलवरचा दिवा लागतो, रांगेच्या तोंडाशी दुसरा दिवा लागतो आणि खोलीत घंटा वाजते. घंटा ऐकून माणूस उठतो, दिवा पाहून रांगेत शिरतो, आणि वर आलेला मणी पाहून नेमक्या फ्यूजपाशी पोहोचतो. मण्याचा रंगही पोकळ शोभेचा नव्हे. नारिंगी म्हणजे २ अँपिअर, निळा म्हणजे ३, हिरवा म्हणजे ५, असा संकेत असल्यामुळे तीनपदरी तार बांधणाऱ्या परोपकारी गृहस्थांना येथे वावच राहत नाही. आजच्या पॅनेलमध्ये बसतो तो याच नाकतोड्याचा नातू. अंगाने लहान, स्वभाव तोच. आणखी एक गंमत: ही घंटा वाजविणाऱ्या मंडलालाही स्वतःचा एक फ्यूज असतो. तो जळला तर? म्हणून त्याची वर्दी देणारी निराळी सोय करावी लागते. राखणदारावर राखणदार नेमण्याचा हा प्रश्न फक्त राज्यकारभारातच असतो असे नाही.

कॅन्सस सिटीत प्रेतसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजरने १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीचे पेटंट घेतले, आणि पुढल्याच वर्षी इंडियानातल्या ला पोर्ट गावी तसे पहिले एक्स्चेंज चालू झाले. हिंदुस्थानात स्वयंचलित एक्स्चेंज प्रथम आले ते १९१३-१४ मध्ये सिमल्याला. १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला आणि स्ट्रोजर पद्धतीची यंत्रे देशात होऊ लागली. ज्यांनी ही यंत्रे चालताना पाहिली आहेत त्यांच्या कानांत तो खडखडाट अजून असेल. जणू शंभर शिंपी एकदम यंत्रे चालवीत आहेत. या पद्धतीचा एक गुण फ्यूजच्या दृष्टीने मोठा होता. एका संभाषणासाठी यंत्रांची एक स्वतंत्र माळ खर्ची पडे. एक फ्यूज गेला तर एका खणावरची थोडी यंत्रे बंद पडत; फिरविणाऱ्याला एकदा नंबर लागत नसे, दुसऱ्यांदा लागे. यंत्र अडाणी होते, पण त्याचे मरण वाटून घेतलेले होते.

यंत्र शहाणे झाले आणि संकट एकवटले. न्यू जर्सीतल्या सुकासुना येथे १९६५ च्या मेमध्ये अमेरिकेतले पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. आता सगळ्या जोडण्यांचा विचार एकच मेंदू करू लागला. त्या मेंदूच्या खणाचा फ्यूज गेला तर सारे गाव मुके. त्याच्या रचनाकारांनी पैज मात्र अशी मांडली होती की ४० वर्षांत सगळे मिळून दोन तासांहून अधिक काळ ते बंद राहू नये. अशी पैज जिंकावयाची तर मेंदू दोन हवेत, आणि त्यांना वीजही दोन वाटांनी हवी. आजच्या पॅनेलला म्हणून दोन बाजू असतात, ‘ए’ आणि ‘बी’. दोहोंना बॅटरीकडून निराळ्या तारा येतात. प्रत्येक यंत्राला दोहोंकडून एकेक फ्यूज मिळतो. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली आणि १९८६ मध्ये तिचे खेड्यांसाठीचे १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज कर्नाटकात कित्तूरला बसले. वातानुकूलित खोलीवाचून ते चालले याचे कौतुक सर्वांनी केले. ते योग्यच होते.

दोन बाजू केल्या म्हणजे निश्चिंती झाली, असे कोणालाही वाटेल. पण येथेच पॅनेल मांडणाऱ्याची खरी परीक्षा आहे, आणि ती अंकांची आहे. कृपा करून दोन मिनिटे सोसा. समजा एका खणातल्या यंत्राला ६०० वॉट शक्ती लागते. बॅटरी भरलेली असताना दाब ४८ नव्हे, ५४ व्होल्टच्या आसपास असतो. ६०० ला ५४ ने भागले की ११ अँपिअर. हा भार ए आणि बी वाटून घेतात, म्हणून प्रत्येक बाजूचा मापक साडेपाच दाखवितो. मांडणाऱ्याने तो आकडा पाहिला, साडेपाचच्या जवळजवळ दुप्पट म्हणून १०-१० अँपिअरचे दोन फ्यूज बसविले, आणि हात झटकले. वर्षभर सारे सुरळीत. मग एके दिवशी शहराची वीज जाते आणि तो खण बॅटरीवर येतो. बॅटरी उतरत उतरत ४२ व्होल्टपर्यंत जाते. इलेक्ट्रॉनिक यंत्राचा स्वभाव असा की दाब कमी झाला तरी त्याला ६०० वॉट हवेतच. तो कमी दाबाची भरपाई अधिक प्रवाह ओढून करतो. ६०० ला ४२ ने भागले की १४ अँपिअरच्या वर. अशात काही कारणाने ए बाजू गेली, तर १० अँपिअरच्या बी फ्यूजवर १४ चा भार पडतो आणि तोही फार वेळ टिकत नाही. जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याने सारी गाडी ओढावी या भरवशावर दोन बैल जुंपलेले असतात. येथे दुसऱ्याला अर्ध्याच गाडीची सवय लावून ठेवली आहे. योग्य हिशेब असा: सगळा भार एकाच बाजूवर, बॅटरी अगदी उतरलेली, आणि त्यावर चौथाई मोकळीक, म्हणजे सुमारे १८, म्हणून फ्यूज २० अँपिअरचा, दोन्ही बाजूंना. हाच न्याय अख्ख्या पॅनेलला. १०० अँपिअरच्या दोन बाजूंवर साठ-साठ भार असेल तर मापकाकडे पाहून समाधान वाटते, पण एक बाजू गेली की दुसरीवर १२० येतात. रोजच्या दिवसाचे माप घेऊन बसविलेला फ्यूज नेमक्या वाईट दिवशी दगा देतो, आणि तो दगा त्याचा नसतो.

इतके करूनही एक फट राहतेच. ८ मे १९८८, रविवार. अमेरिकेत तो मातृदिन. शिकागोच्या उपनगरातले हिन्सडेलचे एक्स्चेंज, आत माणूस कोणी नाही. तपासाअंती जो दोष निघाला तो विद्युत्‌केबलींच्या बिघाडाचा. केबलींचे आवरण दुखावले म्हणजे ठिणग्यांची जी चरचर सुरू होते, तिच्यातून जाणारा प्रवाह फ्यूजच्या लेखी पुष्कळदा नेहमीच्याच भाराएवढा असतो. दांडगा नाही, भुरटा. पण हा भुरटा आग लावतो. धोक्याची वर्दी दूरच्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या देखरेख-केंद्रात पोहोचली होती. तेथे ती विजेच्या नेहमीच्या कटकटींपैकी एक समजली गेली. पुढे आगीच्या बंबाला कळवावयाचे तर टेलिफोनच बंद. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारवाल्याला निरोप देऊन धाडावे लागले. बंब आले तरी बॅटरीचा प्रवाह तोडणे सोपे नव्हते. सुमारे ३५,००० वर्गणीदारांचे टेलिफोन मुके झाले, ओहेअर विमानतळाच्या वाहतुकीला झळ लागली, आणि घडी बसावयास आठवडे लागले.

दुसरी घटना न्यूयॉर्कची, आणि तिच्यात आग नाही, धूर नाही, एक फ्यूजही जळलेला नाही. तरी मला ती अधिक भयंकर वाटते. मॅनहटनमध्ये थॉमस स्ट्रीटवर ३३ क्रमांकाची एक खिडकी नसलेली उत्तुंग इमारत आहे. १९७४ मध्ये पुरी झालेली ही इमारत मुळात दूरच्या टेलिफोनांसाठीच बांधली होती. १७ सप्टेंबर १९९१ हा दिवस उकाड्याचा होता. वीज कंपनीवरचा भार हलका व्हावा म्हणून, ठरलेल्या कराराप्रमाणे, एक्स्चेंजने सकाळी स्वतःची जनित्रे सुरू केली. या बदलात बॅटरी भरणारे रेक्टिफायर बंद पडले. कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण टेलिफोन चालूच होते. बॅटरीने भार उचलला होता. बॅटरीचे कामच ते. ज्या मजल्यांवर धोक्याचे दिवे लागले त्या मजल्यांवर त्या वेळी फिरती झाली नाही. आणि ज्यांनी ती करावयाची ते तंत्रज्ञ दुसरीकडे एका वर्गाला गेले होते. वर्गाचा विषय होता वीजपुरवठ्यावरील धोक्याच्या सूचनांची नवी व्यवस्था! हे मी रचून सांगत नाही; चौकशीत ते नोंदले गेले. सुमारे सहा तास त्या बॅटऱ्या निमूटपणे उतरत राहिल्या. दुपारी साडेचारच्या सुमारास एकाच्या दृष्टीस दिवा पडला, तोवर वेळ टळून गेली होती. पाचच्या आत यंत्रे बंद पडली. सुमारे ५० लाख टेलिफोन अडले, विमानांना वाट सांगणाऱ्यांचे मार्ग तुटले आणि केनेडी, लाग्वार्डिया व न्यूआर्क या तिन्ही विमानतळांचे काम कोलमडले. नाकतोडा उडाला, मणी वर आला, दिवा लागला. रांगेत शिरणारा माणूस तेवढा नव्हता.

या प्रसंगानंतर अमेरिकेत सरकारी चौकशा झाल्या, त्यांत मी शिरत नाही. आपल्याकडच्या तंत्रज्ञांकडून मी जे ऐकले ते सांगतो. पॅनेलच्या दाराला आतून एक कार्ड लावण्याची चाल आहे: घराचा क्रमांक, त्या घरावर कोणते यंत्र, सगळा भार एका बाजूवर आला तर किती अँपिअर, कोणता फ्यूज, आणि कोणत्या तारखेला बसविला. रिकाम्या घरात खोटा फ्यूज ठेवतात, म्हणजे कोणी घाईत तेथे बोट किंवा तार घालू नये. जळलेला फ्यूज एकदा बदलावा. दुसऱ्यांदा जळला तर हात आवरून कारण शोधावे. नवे यंत्र बसवावयास आलेला माणूस आधी कार्ड वाचतो की आधी रिकामे घर शोधतो, यावरून त्याची पारख होते, असे त्यांपैकी एका निवृत्त गृहस्थांचे मत पडले.

आमच्या चाळीतल्या त्या शेजाऱ्यांनीही पुढे तसेच केले. धुमसलेली पट्टी बदलून झाली त्याच आठवड्यात त्यांनी मीटरांच्या फळीशेजारी खिळ्याला एक पुठ्ठा टांगला. त्याला योग्य त्या जाडीच्या तारेचे चार वेढे गुंडाळलेले असत, आणि खाली पेन्सिलीने कोणत्या बिऱ्हाडाला किती अँपिअरची तार बांधावयाची ते लिहिलेले असे. कोणाकडे नवी शेगडी आली की ते स्वतः जाऊन तिच्यावरचा आकडा वाचून येत आणि पुठ्ठ्यावरची ओळ खोडून नवी लिहीत. चाळ पाडली त्या दिवसापर्यंत तो पुठ्ठा तेथे होता.